चढावर चेन उडी मारते? नवा डिरेलर घेण्याआधी एवढं बघा

साताऱ्याच्या डोंगरात माउंटन बाइक चालवणाऱ्यांचं हे नेहमीचं दुखणं. अपग्रेड होतं, पहिला रविवार झकास जातो आणि पुढच्या दोन-तीन रविवारांत चढावर चेन उड्या मारायला लागते. सायकल माझ्या ओसरीवर येते तेव्हा मालकाचं निदान आधीच पक्कं असतं, "काका, डिरेलर गेलाय." डिरेलर, म्हणजे चेन गिअरच्या एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा पार्ट, क्वचितच गेलेला असतो. बहुतेक वेळा नवा पार्ट ठणठणीत असतो आणि त्याच्या शेजारचा जुना, झिजलेला किंवा न जुळणारा पार्ट त्याला काम करू देत नसतो.

आधी लक्षणं. यातलं नेमकं कोणतं तुमच्या सायकलला लागू पडतं ते ठरवा, म्हणजे निम्मं काम झालं.

- जोर लावला की खट्ट आवाज होतो आणि पाय क्षणभर रिकामा जातो, पण गिअर तोच राहतो. हे ठरावीक एक-दोन चकत्यांवरच होतं.
- लिव्हरला हात न लावता गिअर आपोआप बदलतो आणि थोड्या वेळानं परत येतो.
- दर तीन-चार पायडल फेऱ्यांनी एक टिचकी बसते. अगदी तालात.
- मधले गिअर मस्त पडतात, पण एका टोकाला किंवा दोन्ही टोकांना खरखर.
- पायडल धाडकन पुढं जातं, पण चेन दातांवरून हललेलीच नसते.
- चढावर काही नाही, पण उतारावर दगडगोट्यांत चेन पुढच्या चकतीवरून खाली पडते.

दोष सापडेपर्यंत चढावर उभं राहून पायडल मारू नका. चेन उडते तेव्हा सगळं वजन एका पायावर असतं. तो पाय खाली जातो आणि गुडघा थेट हँडलच्या स्टेमवर आपटतो. यवतेश्वरच्या घाटात वळणावर मागून गाडी येत असताना हे झालं, तर गुडघ्यावर निभावणार नाही.

हा दोष आताच इतका का दिसतो, याचं कारण साधं आहे. आधी गिअरची सायकल घेणारा माणूस कास रोडनं डांबरावरून जाऊन यायचा. आता पोरं चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्यांवर, ठोसेघरच्या अलीकडच्या गाडीवाटांवर आणि डोंगरातल्या गुरांच्या पायवाटांवर जातात. त्यात २०१२ साली स्रॅम या गिअर बनवणाऱ्या कंपनीनं पुढं एकच चकती आणि मागं अकरा असा सेट बाजारात आणला आणि पुढची तीन चकत्यांची भानगड हळूहळू जुनाट ठरली. आता पंधरा-वीस हजारांच्या सायकलवालाही व्हिडिओ बघून पुढच्या दोन चकत्या काढतो आणि मागं ताटाएवढी कॅसेट (मागच्या चाकावरचा चकत्यांचा संच) लावतो. हरकत काहीच नाही. पण पार्ट एकेक करून, जमेल तसे, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतले जातात आणि घोळ तिथं होतो.

आता तपासणी. फुकटातल्या गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर. क्रम मोडू नका. वरची पायरी चुकलेली असेल तर खालची तपासणी खोटं उत्तर देते.

१. मागचं चाक नीट बसलंय का

खर्च शून्य, वेळ एक मिनिट. तरीही हे कुणी बघत नाही.

वाटेत पंक्चर काढून घाईत चाक लावलं की ते एका बाजूनं केसभर तिरकं बसतं. सपाटीवर कळतही नाही. चढावर चेन उजव्या बाजूनं ओढते, चाक पुढं सरकतं, कॅसेट डिरेलरच्या रेषेतून हलते आणि गिअर सुटतो. टायर डाव्या बाजूच्या नळीला घासल्याची खूण असेल तर दोष जवळपास सापडलाच.

सायकल उलटी करून चाक बसवू नका. ती चाकांवर उभी करा, चाकाच्या ॲक्सलवरचा (क्विक रिलीजचा) लिव्हर सैल करा, सीटवर हातानं दाब द्या म्हणजे ॲक्सल आपोआप खाचेत तळाला जाईल, आणि मग लिव्हर बंद करा. लिव्हर अर्ध्यावर आल्यावर जड लागायला हवा आणि पूर्ण दाबल्यावर तळहातावर त्याचा वळ उठायला हवा. सहज मिटत असेल तर समोरचा नट थोडा आवळा. नटाचं चाक असेल तर पंधराचा पाना घेऊन दोन्ही बाजू सारख्या आवळा. थ्रू ॲक्सलवाल्यांना (ज्यांचा ॲक्सल फ्रेमच्या भोकातून आरपार जातो) ही पायरी सोपी, पण तोही ढिला होतो, हात लावून बघाच.

२. घाण आणि अडकलेली कडी

आपल्याकडची लाल माती साधी नाही. जांभ्याची भुकटी चेनच्या तेलात मिसळली की पॉलिश पेपरचं काम करते, आणि पावसाळ्यात तीच चिखल होऊन कॅसेटच्या दोन चकत्यांमध्ये सुकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यात गवताच्या काड्या भरतात. चकत्यांमधली जागा भरली की चेन दाताच्या तळापर्यंत बसत नाही, वरच्या वर तरंगते आणि जोर आला की उडते.

जुना टूथब्रश, सुती कापडाची चिंधी आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल पुरतं. चिंधी दोन चकत्यांमध्ये घालून पुढं-मागं ओढा. डिरेलरच्या दोन छोट्या चक्र्यांवर काळा थर साचलेला असतो, तो बोथट स्क्रूड्रायव्हरनं खरवडा. डिस्क ब्रेक असेल तर सांभाळून: डिस्कवर रॉकेलचा किंवा तेलाचा शिंतोडा गेला की पॅड कुचकामी होतात. मी आधी डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी बांधतो. गाड्या धुण्याच्या प्रेशर पाइपचा फवारा हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आणि पायडलच्या ॲक्सलवर मारू नका, पाणी बेअरिंगमध्ये जातं. नंतर त्याचा हिशेब होतोच.

तालात टिचकी बसत असेल तर एक कडी अडकलेली आहे. गणित बघा. पुढं ३२ दातांची चकती आणि चेनमध्ये ११६ कड्या असतील, तर तीच कडी पुन्हा त्याच जागी यायला पायडलच्या साडेतीनहून थोड्या जास्त फेऱ्या लागतात. टिचकी दर फेरीला येत असेल तर दोष पुढच्या चकतीच्या दातात किंवा पायडलच्या बाजूला. चाकाच्या प्रत्येक फेरीला येत असेल तर मागं, कॅसेटमध्ये किंवा ॲक्सलमध्ये. टिचक्या मोजायला पैसे पडत नाहीत आणि शोध एका बाजूपुरता उरतो.

अडकलेली कडी शोधायला चेन सर्वांत छोट्या चकतीवर घ्या आणि पायडल हळूहळू उलटं फिरवा. ती कडी डिरेलरच्या चक्रीवरून जाताना डिरेलर दचकल्यासारखा हलतो. सापडली की दोन्ही बाजूंनी चेन धरून आडवी वाकवा, डावीकडे-उजवीकडे. बहुतेक वेळा तेवढ्यानं मोकळी होते. जुनी पिन ठोकून जोडलेली चेन असेल तर त्याच पिनेपाशी बघा, दोष तिथंच निघतो. दहा किंवा जास्त गिअरच्या चेनमध्ये काढलेली पिन परत ठोकायची नसते, तिथं क्विक लिंक (हातानं जोडायची कडी) किंवा कंपनीची खास पिनच वापरतात.

३. केबल, आणि त्याहून महत्त्वाचा आउटर

गिअर आपोआप बदलत असेल तर इथंच थांबून नीट बघा.

नवी केबल पहिल्या काही राइडमध्ये थोडी सैल पडते. त्यामुळं चेन मोठ्या चकतीवर जायला कुरकुरते किंवा जोर आला की छोट्या चकतीवर निसटते. लिव्हरपाशी किंवा डिरेलरपाशी केबल जिथं शिरते तिथं हातानं फिरणारी पिपाणी असते. ती घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरा फिरवा आणि चालवून बघा. मग पुन्हा पाव फेरा. एकदम दोन फेरे मारणारा माणूस हमखास माझ्याकडे येतो. उलट त्रास असेल, म्हणजे चेन छोट्या चकतीवर उतरायला तयार नसेल, तर पिपाणी उलटी फिरवा. पण त्याआधी केबल मोकळी सरकते का ते बघा. गंजलेली किंवा चिखलानं जाम झालेली केबलही नेमकं हेच लक्षण दाखवते. मागच्या डिरेलरपाशी आउटरचा, म्हणजे केबलवरच्या नळीचा, जो शेवटचा वळसा असतो, त्यात पाणी साचतं. तो तुकडा बदलायला शे-दोनशे रुपयेसुद्धा पुरे.

आता आउटरची गोष्ट. गेल्या पावसाळ्यात गोडोलीकडचा कॉलेजचा एक मुलगा सायकल घेऊन आला. पुढं एक चकती, मागं दहा, सगळं नवं. डिरेलर त्यानं दोनदा बदलला होता. तरीही गोष्ट तीच: घरात स्टँडवर सगळे गिअर घड्याळासारखे पडतात, घाटात गेलं की दोन-दोन गिअर सोडून पडतात. मी आउटरचं टोक काढून बघितलं. आतली तार स्प्रिंगसारखी गोल गुंडाळलेली होती. म्हणजे तो ब्रेकचा आउटर. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीत, सरळ घातलेल्या असतात. ब्रेकचा आउटर दाब आला की दबतो आणि हँडल वळवलं की त्याची लांबी बदलते. ब्रेकला तेवढ्यानं फरक पडत नाही. गिअरला मात्र अर्ध्या मिलिमीटरचा फरकही नडतो. दुकानदारानं कोपऱ्यात पडलेला तुकडा वापरला असणार, मुद्दाम फसवलं असं नाही. त्यालाही घाई असते. नवा आउटर घातला, जुनाच डिरेलर परत चढवला, काम झालं. डिरेलरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

ओळख सोपी आहे. कापलेल्या टोकात डोकवा. स्प्रिंग दिसली तर ब्रेकचा, उभ्या तारा दिसल्या तर गिअरचा. गिअरचा बहुधा ४ मिलिमीटरचा असतो आणि ब्रेकचा ५चा, त्यामुळं ब्रेकचा हाताला थोडा जाडही लागतो. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवूनही बघा. आउटर तोकडा असेल तर हँडल वळलं की केबल ताणली जाते आणि गिअर बदलतो. नवं रुंद हँडल लावलं आणि केबल जुनीच ठेवली की हे होतंच.

४. चेन आणि कॅसेटची झीज

अपग्रेडनंतर चेन उडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. म्हणून इथं जरा सावकाश.

चेन ताणली जाते असं सगळे म्हणतात. लोखंड काही ताणलं जात नाही, प्रत्येक पिनेच्या भोकात झीज होते आणि दोन पिनांमधलं अंतर वाढतं. नवं अंतर बरोबर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. चेन झिजत जाते तशी ती कॅसेटच्या दातांना आपल्या नव्या मापाला घासून घेते. म्हणजे जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकांशी जुळलेली असतात आणि कुरकुर न करता चालतात. मग तुम्ही नवी कोरी चेन आणता. तिचं माप अर्धा इंच, दातांचं माप केव्हाच सरकलेलं. जोर एका-दोन दातांवर येतो आणि चेन त्यांच्यावर चढून उडी मारते.

तीच चेन ज्या चकत्यांवर तुम्ही कमी चालवता, तिथं मात्र गुण्यागोविंदानं चालते. हीच खरी परीक्षा. यवतेश्वरच्या चढावर आपण सगळे ठरावीक दोन चकत्यांवर बसतो. त्याच दोन उडत असतील आणि बाकीच्या गप्प असतील, तर केबलला हात लावू नका, कॅसेट संपली आहे.

मोजायचं कसं? स्टीलची, इंचांची फूटपट्टी घ्या. चेन सायकलवरच ठेवा, पायडलवर हातानं थोडा ताण द्या. पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर लावा. १२ इंचावर बरोबर २५वी पिन यायला हवी. ती पिन १२ इंचाच्या पुढं एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरपेक्षा जरा जास्त गेली असेल, तर झीज अर्धा टक्का झाली. अकरा-बारा गिअरच्या चेनला इथंच रामराम ठोका. आठ-नऊ-दहाच्या चेनला आणखी थोडं, पाऊण टक्क्यापर्यंत, चालतं. एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या पुढं गेली असेल तर झीज एक टक्का, आणि कॅसेटही गेली असं धरूनच चाला. चेन मोजण्याची छोटी पट्टी बाजारात मिळते, स्वस्त असते, घ्या. पण फूटपट्टीचं उत्तर खोटं नसतं.

कॅसेट डोळ्यांनी ओळखायला दात बघा. सारख्या उंचीचे आणि सरळ असतील तर ठीक. शार्कच्या परासारखे एका बाजूला झुकलेले असतील तर संपली. पण सावध: चांगल्या कॅसेटमध्ये काही दात मुद्दाम आखूड आणि तिरके कापलेले असतात, चेन चढायला सोपं जावं म्हणून. ते बघून 'कॅसेट तुटली' म्हणत बदलायला येणारेही आहेत. कॅसेट फिरवून बघा, आखूड दात ठरावीक जागांवर असतील तर तो घडणीचा भाग आहे.

एक नियम पाळा. नवी कॅसेट आणि जुनी चेन कधीच एकत्र लावू नका. ती जोडी उडत नाही, मस्त चालते, म्हणून लोकांना वाटतं पैसे वाचले. पण झिजलेली चेन नव्या कॅसेटला दोन-तीन महिन्यांत स्वतःच्या मापाला आणते. चेन कॅसेटपेक्षा स्वस्त असते. चेन वेळेवर बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात. लाल मातीत चालवणाऱ्यांनी दर महिन्याला पट्टी लावावी.

५. हँगर

डिरेलर फ्रेमला जिथं लटकतो, तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा म्हणजे हँगर. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. पडलात तर हँगर वाकावा किंवा तुटावा आणि फ्रेम वाचावी, असा त्यामागचा विचार. उजव्या अंगावर पडलात, सायकल टेम्पोत उजव्या बाजूला आडवी टाकून आणलीत, किंवा बसच्या डिकीत कुणी वर बॅगा टाकल्या, की हँगर केसभर वाकतो.

लक्षण: छोट्या चकत्यांवर सगळं ठीक आणि मोठ्यांवर खरखर. किती जुळवलं तरी एका टोकाला बिघडतंच. मागं उभं राहून एक डोळा मिटून बघा. डिरेलरच्या दोन छोट्या चक्र्यांमधून काढलेली रेषा कॅसेटच्या चकत्यांना समांतर हवी. खालची चक्री चाकाकडे आत गेलेली दिसली तर हँगर वाकलाय. अशा सायकलला सर्वांत मोठ्या चकतीवर जायची घाई करू नका, डिरेलर स्पोकमध्ये गेला तर चाक, डिरेलर आणि फ्रेम तिन्हींचं नुकसान.

सरळ करायचं खास हत्यार असतं. ते नसेल तर एक जुनी युक्ती आहे: बऱ्याच जुन्या मागच्या चाकांच्या ॲक्सलचा आटा हँगरच्या आट्याशी जुळतो, १० मिलिमीटरचा, १ मिलिमीटर अंतराचा. डिरेलर काढून त्या ठिकाणी असं दुसरं चाक आट्यात फिरवून लावायचं. मग त्या चाकाची रिम आणि सायकलच्या चाकाची रिम वर, खाली, पुढं, मागं सारख्याच अंतरावर यायला हव्यात. नसतील तर हलक्या हातानं वाकवत न्या. आटा जबरदस्तीनं घालू नका, आणि एकदा वाकवलेला हँगर पुन:पुन्हा वाकवू नका. तो थकतो आणि राइडवर तुटतो. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो, म्हणून आपल्या सायकलचा एक जास्तीचा आणून सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा. ठोसेघरच्या पलीकडं तुटला तर परत चालत यावं लागतं.

६. पार्ट एकमेकांशी जुळतात का

वरचं सगळं बरोबर असेल आणि गिअर एका टोकाला जुळवले की दुसऱ्या टोकाला बिघडत असतील, तर पार्टच जुळत नाहीत. इथं हत्यार नको, माहिती हवी.

चकत्यांमधलं अंतर गिअरच्या संख्येबरोबर बदलतं. शिमानो कंपनीच्या सात गिअरच्या कॅसेटमध्ये ते ५ मिलिमीटर, आठमध्ये ४.८, नऊमध्ये साधारण ४.३५ आणि दहामध्ये ३.९५. सातची लिव्हर आणि आठची कॅसेट लावली तर फरक प्रत्येक गिअरला थोडाथोडा साचत जातो. मध्ये जुळतं, टोकाला जात नाही. त्यातून वैताग असा की शिमानोच्या नऊच्या माउंटन डिरेलरला दहाची माउंटन लिव्हर चालत नाही. एका क्लिकला लिव्हर किती केबल ओढते आणि तेवढ्यात डिरेलर किती सरकतो, हे दोन्ही त्यांनी दहाच्या पिढीत बदललं. दिसायला सगळं बसतं, नटही आवळला जातो, पण गिअर कधीच जुळत नाहीत. एकाच कंपनीचे आणि एकाच गिअर-संख्येचे लिव्हर आणि डिरेलर घेणं सर्वांत सुरक्षित.

कॅसेट घेताना तुमच्या हबवर ती बसते का ते आधी विचारा. स्वस्त सायकलींच्या मागच्या चाकावर कॅसेट नसतेच, आट्यावर बसणारा फ्रीव्हील असतो. चकत्या उलट्या फिरवा. मधला हत्यार बसवायचा भाग चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट, स्थिर राहिला तर फ्रीव्हील. फ्रीव्हील असेल तर कॅसेटसाठी हब, म्हणजे पर्यायानं अख्खं चाक बदलावं लागतं. आणि खडबडीत वाटेवर ते बदललेलं बरंच. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग बरंच आत असतं, ॲक्सल बाहेर लोंबतो आणि उडी मारून उतरलं की वाकतो. वाकलेल्या ॲक्सलवर चकत्या रेषेत राहत नाहीत आणि गिअर आपोआप बदलतात. बाराच्या कॅसेटमध्येही भेद आहेत. दहा दातांच्या छोट्या चकतीसाठी वेगळी बॉडी (हबचा कॅसेट बसायचा भाग) लागते, शिमानोची वेगळी आणि स्रॅमची वेगळी. स्रॅमच्या स्वस्त बाराच्या कॅसेट मात्र अकरा दातांपासून सुरू होतात आणि नेहमीच्या बॉडीवर बसतात.

मोठी कॅसेट लावली असेल तर डिरेलरची वरची चक्री मोठ्या चकतीला टेकते का बघा. डिरेलरच्या मागं एक छोटा स्क्रू असतो, तो आवळत अंतर वाढवता येतं. कंपनीनं सांगितलेल्या मापापेक्षा कॅसेट मोठी असेल तर स्क्रूनं भागत नाही, दुसरा डिरेलरच लागतो. हो, ही एकच जागा आहे जिथं नवा डिरेलर हे खरं उत्तर असतं.

उतारावर चेन पुढून पडत असेल तर पुढची चकती बघा. तीन चकत्यांमधली मधली तशीच ठेवून बाकीच्या काढल्या असतील, तर तिचे दात चेन सोडण्यासाठीच आखूड केलेले असतात. एकाआड एक जाड-बारीक दातांची चकती घ्या, ती चेन धरून ठेवते. त्याबरोबर क्लचवाला (धक्क्यात चेन ताणून धरणारा) डिरेलर असेल तर क्लच चालू आहे का बघा. शिमानोमध्ये बाजूला बारीक खटका असतो, चाक काढताना तो बंद करतात आणि परत चालू करायचं विसरतात.

कुठं थांबायचं

यापुढं घरी हात घालू नका.

पायडल धाडकन पुढं जातं पण चेन दातांवरून हलत नाही, असं असेल तर पायडलचा जोर चाकाला देणारे हबमधले पंजे धरत नाहीयेत. जाड ग्रीस चिकटलं असेल, ओढ्यातलं पाणी आत गेलं असेल किंवा स्प्रिंग गेली असेल. चालवूच नका, सायकल ढकलत आणा. हे चढाच्या मध्यावर कधीही पूर्ण सुटतं आणि पायात ताकद असताना सुटलं की तोल सावरायला वेळ मिळत नाही. हब उघडायचं काम कारागिराचं. काही हबचे भाग एकदा उघडले की हातातून उडतात आणि पुन्हा जुळत नाहीत.

फ्रेमवर तडा, विशेषतः मागच्या नळ्यांच्या जोडापाशी किंवा हँगरच्या खाचेपाशी. रंग फुटल्यासारखी बारीक रेघ दिसली तर नखानं चाचपून बघा. नख अडकलं तर सायकल बंद. कार्बन फ्रेम असेल आणि ती आपटली असेल तर रेघ दिसो न दिसो, दाखवूनच घ्या.

हँगरचा आटा गेला असेल आणि हँगर फ्रेमचाच भाग असेल, तर वेल्डिंग करायला गॅरेजवाल्याकडे देऊ नका. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तिथं उष्णता दिली की शेजारचा भाग मऊ पडतो. सायकलच्या कारागिराकडे नवा आटा घालायची सोय असते.

कॅसेट काढायला साखळीचा चाबूक (चेन व्हिप, चकत्या धरून ठेवायचं हत्यार) आणि आट्याचं हत्यार असेल तर घरी करता येते, रिंग ४० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायची असते, म्हणजे चांगलीच घट्ट. हत्यार नसेल तर पक्कडनं प्रयत्न करू नका. जुना फ्रीव्हील काढणं तर नेहमीच दुकानात द्या. वर्षानुवर्षं पायडलच्या जोरानं तो आवळलेला असतो आणि व्हाइसशिवाय सुटत नाही. सस्पेन्शनच्या आत हवेचा दाब असू शकतो, ते उघडायचा विचारही नको.

दुकानात देताना 'गिअर जुळवून द्या' एवढंच सांगू नका. कोणत्या चकतीवर, चढावर की उतारावर, जोर लावल्यावर की नुसतं फिरवल्यावर, आणि कोणता पार्ट कधी बदलला, ते सांगा. स्टँडवर सायकलला वजन नसतं, म्हणून तिथं हा दोष दिसतच नाही. कारागीर बिचारा चाक फिरवून सगळं ठीक आहे म्हणतो. सायकल परत घेताना समर्थ मंदिरापासून यवतेश्वरच्या पहिल्या वळणापर्यंत एक चक्कर मारा. सीटवर बसूनच, प्रत्येक चकतीवर थोडा जोर देत. तिथं उडाली नाही तर मग डोंगरात न्या. आणि कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, चाक घालू नका. पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव २०१२ साली जागतिक वारशात गेलंय, सड्यावर माती जेमतेम बोटभर आहे आणि पावसाळ्यात ओल्या मातीत उठलेली चाकाची रेघ पुढच्या हंगामापर्यंत तशीच दिसते. चाळकेवाडीच्या कच्च्या रस्त्यांवर चेनची परीक्षा घ्यायला जागा भरपूर आहे.